मागची सीट आणि तीन दिव्यांची टोपी

मी गाडी चालवायला शिकवते. शिकणाऱ्याच्या शेजारी बसते आणि माझ्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. तो पाय आता माझा राहिलेला नाही. घरी कोणी आमटीत मीठ जास्त घालायला लागलं तरी आपोआप खाली दाबला जातो. आठवडाभर लोकांचे जीव सांभाळायचे आणि सुट्टीला घरच्यांना पुन्हा मीच फिरवायचं, कारण नवरा आणि धाकटा दीर, दोघांनाही गाडी येत नाही! माझी एकच इच्छा होती. एकदा, फक्त एकदा, गाडी दुसऱ्याने चालवावी आणि मी मागे आडवं होऊन झोपावं. जुनी गाडी मोडीत काढली तेव्हा तिची मागची सीट मी हट्टाने घरी आणली होती, इतकी हौस. नवऱ्याने तिच्यावर खोकी रचली.

कॉम्प्युटरवरच्या गेममध्ये मात्र दोघं ट्रक चालवतात, तेही लांबलचक ट्रेलर लावून. त्यात डोकं वळवलं की पडद्यावर बाजूची खिडकी दिसते. डोकं किती वळलं, ते एक कॅमेरा बघतो. नवऱ्याने त्यासाठी घरीच टोपी केली: मोडक्या रिमोटमधले तीन दिवे, खिशात सेल आणि समोर जुना वेबकॅम. ऊन आलं की वेबकॅम गोंधळतो, म्हणून आमच्याकडे भरदुपारी पडदे ओढलेले. शिवाय टोपी इतकी मठ्ठ की आरसा दिसायला मान पार खांद्याला टेकवावी लागते. भाऊजींनी विकतचं यंत्र आणलं. काडेपेटीएवढं. हनुवटी तीळभर हलली की अख्खा रस्ता फिरतो.

"वहिनी, याला म्हणतात वस्तू!" भाऊजी म्हणाले.

"माझ्या टोपीने मानेला व्यायाम होतो," नवरा म्हणाला.

"चुलीत घाला दोन्ही," मी म्हटलं. "आधी लायसन्स काढा."

दोघांना मीच शिकवलं. परीक्षेला भाऊजी आधी बसले. परतल्यावर परीक्षक वैतागून खाली उतरले. "यांनी एकदाही आरशात पाहिलं नाही!"

"पाहिलं की!" भाऊजी म्हणाले. "मागच्या पांढऱ्या गाडीतल्या बाई दोनदा शिंकल्या!"

पण मान हललेली कुणाला दिसलीच नव्हती. भाऊजी नापास.

मग नवरा बसला. डावीकडे वळताना मान घुबडासारखी फिरवली, उजवीकडेही तशीच. परीक्षक इतके खूश झाले की रांगेतल्या बाकीच्यांना म्हणाले, "बघा, याला म्हणतात बघणं!" नवरा पास. मला तर तिथेच रडू फुटलं.

सुट्टीच्या दिवशी बहिणीकडे जायचं ठरलं. मी उशी घेऊन मागे आडवी झाले. भाऊजी पुढे. नवऱ्याने ऐटीत मान डावीकडे फिरवली, "मोकळं आहे," म्हणाला आणि डावीकडच्या शेजाऱ्यांच्या साऱ्या कुंड्या आडव्या केल्या.

"अरे, बघितलं नाहीस?" मी ओरडले.

"बघितलं ना! मान फिरवली होती!"

"आणि डोळे?"

"डोळे समोर. कॉम्प्युटरवर मान फिरवली की सगळं समोरच येतं ना?"

हसावं की रडावं कळेना. म्हणजे इतके दिवस हा बाबा मान फिरवून समोरच बघत होता आणि मी शेजारी बसून ब्रेक दाबत होते!

"दादा, विकतचं घेतलं असतंस तर ही वेळ आली नसती," भाऊजी म्हणाले.

"भाऊजी, तुम्ही नापास आहात," मी म्हटलं. चावी काढून पर्समध्ये टाकली आणि तरातरा घरात आले. मला भयंकर वाईट वाटत होतं. या जन्मी काही आपल्याला मागे झोपायला मिळत नाही.

नवरा कुंड्या उभ्या करून आला. त्या जुन्या सीटवरची खोकी उतरवली, सीट ओढत आपल्या कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीमागे लावली, उशी ठेवली आणि टोपी घालून बसला.

"कुठे जायचं, मॅडम?"

"लांब," मी म्हटलं. रागातच आडवी झाले.

ट्रक निघाला. इंजिनाची घरघर चांगली होती. पडदे ओढलेलेच होते. माझा पाय मात्र वळणावळणाला ब्रेक शोधत होता. बऱ्याच वेळाने नवऱ्याने ट्रक कडेला घेतला, नीट थांबवला, टोपी काढली आणि मागे वळून बघितलं. या वेळी डोळ्यांसकट.

"झोपलीस?"

"हो," मी म्हटलं. "चल पुढे."

तो निघाला. पुढे एक वळण आलं असावं, कारण शेजारी बसलेले भाऊजी "दादा, हळू!" म्हणून ओरडले. माझा पाय जागचा हलला नाही.