दुखणं थांबलं तो दिवस

मित्रांनो, मी मोडलेले पाय सांभाळणारा एक जुना थॉमस स्प्लिंट आहे. दोन लांब लोखंडी गज आणि वरच्या टोकाला चामड्याने मढवलेलं, बकलाचं कडं, एवढंच माझं शरीर. मांडीचं हाड मोडलं की पाय माझ्यात ठेवून ताणून बांधतात. माझा जन्म नागपूरच्या एका कारखान्यात झाला, पण आयुष्य गेलं सौंसरकडच्या एका लहानशा दवाखान्यात. बैलगाडीवरून पडलेले, विहिरीच्या काठावरून घसरलेले कितीतरी लोक माझ्या आधाराने बरे झाले. घरी जाताना काही जण मला हात लावून नमस्कार करत. तेव्हा मला फार अभिमान वाटे.

चौऱ्याऐंशी साली शोभा आली. मोहगावजवळच्या बागेत संत्री तोडताना ती शिडीवरून पडली होती. डॉक्टरांनी मला तिच्या पायावर चढवलं, बकल लावलं आणि कडं फार घट्ट नाही ना, ते खाली बोट सरकवून पाहिलं. पाय अजिबात हलवायचा नाही, असं बजावून ते गेले. शोभाने ते फारच मनावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी मांडी सुजली. बकल मात्र होतं त्याच भोकात राहिलं. माझं कडं मांडीच्या अगदी मुळाशी रुतू लागलं. तिथे आग होते, असं शोभाने सासूला, अंबाबाईला, हळूच सांगितलं. सिस्टरला सांग, असं अंबाबाई म्हणाली. पण सिस्टर येत तेव्हा शेजारच्या खाटांभोवती पुरुष माणसं बसलेली असत. जागाही अशी, की चारचौघांत दाखवायची कशी? बरं हाय म्हणून शोभा चादर वर ओढून घेई.

मग ती आग थांबली. शोभा खूप वेळाने हसली, चहा प्याली. अंबाबाईने जामसांवलीच्या मारुतीला हात जोडले. मी मात्र घाबरलो. माझ्याखालची कातडी गार आणि बधिर पडत चालली होती.

दुपारी वच्छला सिस्टर आल्या.

"आता तं दुखूनच नाही राह्यलं, सिस्टर," शोभा म्हणाली.

पुढच्या खाटेकडे निघालेल्या सिस्टर थांबल्या. "म्हणजे आधी दुखत होतं? कुठी?"

शोभाने चादर आणखी वर ओढली. शेवटी अंबाबाईने सांगितलं. सिस्टरांनी सगळ्या पुरुषांना बाहेर काढलं, पडदा ओढला, चादर सारली. कड्याखाली त्यांचं बोट जाईना. कडेची कातडी जांभळी पडली होती.

डॉक्टर धावत आले. बकल एकदम सोडावं तर हाड सरकेल, न सोडावं तर मांस मरेल. त्यांनी शोभाचं पाऊल दोन्ही हातांनी ताणून धरलं आणि सिस्टरांना मान डोलावून खूण केली. सिस्टरांची घामेजली बोटं बकलावरून घसरत होती. एक भोक सुटलं. मग आणखी एक. तरी शोभाला काहीच जाणवेना. ती नुसती छताकडे बघत होती. आणि एकाएकी ती कळवळली.

"दुखते, सिस्टर. लय दुखते."

सिस्टरांनी तिच्या कपाळावर हात ठेवला. "दुखू दे बाई. दुखते तेच बरं हाय."

त्यांचे डोळे भरून आले होते.

पुढे पलंगाचा पायथा विटांवर उचलला, पायाला दोरीने वजन बांधलं आणि माझा भार हलका केला. कड्याखाली पडलेली जखम भरायला हाड जुळण्याहूनही जास्त दिवस लागले. खोल व्रण राहिला, पण पाय वाचला. तेव्हापासून त्या खोलीत रोज पडदा लागे आणि प्रत्येकाची कातडी पाहिली जाई, रुग्णाने तक्रार केलेली असो वा नसो.

आता मी कोठीत गंजत पडलो आहे. मित्रांनो, नळी असो, पट्टी असो, की माझ्यासारखं लोखंड असो, जे आधार देतं ते रुततंही. म्हणून ते थोडं उचलून खालची कातडी स्वतःच्या डोळ्यांनी पाहत जा. आम्हाला बोलता येत नाही. आणि ज्याला बोलता येतं, तो पुष्कळदा लाजतो.