हिल आणि डोंगरे

नकाशावरचा प्रत्येक ठिपका दोन मिलिमीटरचा होता. एक ठिपका म्हणजे इंग्लंडमधलं एक गाव, जिथल्या चर्चच्या जुन्या वहीत हिल आडनावाची माणसं सापडली. ठिपके एका जागी दाटले नव्हते. देशभर विखुरलेले होते. दोन वर्षं मी तिथल्या एका प्रयोगशाळेत याच आडनावावर काम केलं होतं.

मलकापूरच्या घरी, सोप्यात बसून, आबांनी चष्मा पुसून तो नकाशा पाहिला. आबा म्हणजे माझे वडील, लालासाहेब डोंगरे, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. नकाशा कसा वाचायचा, हे त्यांना सांगावं लागत नाही.

मला कवठे महांकाळच्या इंद्रजित डोंगरेशी लग्न करायचं होतं. जात, शिक्षण, कशाचीच अडचण नव्हती. पण आडनाव एक, म्हणजे भावकी, म्हणजे बहीणभाऊ. आबा नाही म्हणत नव्हते, हो म्हणत नव्हते. चार वर्षं नुसतं ‘बगू’ म्हणत होते.

“ही समदी एका भावकीतली?” त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं. टेकडीपाशी राहणाऱ्याला लोक हिल म्हणू लागले, आणि टेकड्या गावोगाव होत्या. आम्ही ज्या हिलांच्या लाळेतला डीएनए तपासला, त्यांचे मूळपुरुष वेगवेगळे निघाले. मग मी पेन्सिलीनं कागदावर दोन डोंगर काढले. आमचा आगाशिव, त्यांचा दंडोबा. मधे शंभरेक किलोमीटर.

आबांनी दोन्ही डोंगरांवरून बोट फिरवलं.

“हे विलायतेत ठीक हाय. आपल्यात देवक बगत्यात.”

“त्यांचं देवक विचारलंत कधी?”

विचारलं नव्हतं. लग्नात मांडवाला ज्या झाडाची डहाळी किंवा पाच झाडांची पालवी पुजतात ते देवक. ते एक निघालं तर सोयरीक होत नाही. पण आडनावच एक म्हटल्यावर पुढचं काय विचारायचं, असं दोन्ही घरांनी धरून ठेवलं होतं. इतकी साधी चाचणी चार वर्षांत कुणी केली नाही. मीसुद्धा.

“सरहद्दीवर बारा वरसं काढली,” आई आतून म्हणाली, “पर कवठ्याला एक फोन हुईना.”

आबांनी फोन उचलला, स्पीकर लावला. इंद्रजितच्या वडिलांनी, बाळासोंनी, तो लगेच घेतला. पीकपाण्याचं बोलणं झालं, पावसाचं झालं. देवकही एकच निघालं तर माझा नकाशा रद्दीत जाणार होता, आणि त्याबरोबर बाकी सगळंही. मी पेन्सिल खाली ठेवली.

“बाळासो, तुमचं देवक कंचं?”

“आमचं कळंब. का वं?”

“आमचं पंचपालवी.”

पलीकडे कुणीतरी हसलं. तो आवाज मी ओळखला. आई दारात येऊन उभी राहिली. आबा खुर्चीत ताठ बसले, आणि परेडवर बोलावं तशा खणखणीत आवाजात म्हणाले,

“बाळासो, आमची क्रांती तुमच्या इंद्रजितला दिली.”