पलीकडची बाजू

जगातला प्रत्येक मोठा विचार माणसाला आडवं पडल्यावरच सुचतो, असं आमच्या भाच्याचे मोठे साहेब ठासून सांगतात. साहेबांचा कारखाना गाद्यांचा आहे.

साहेबांची एक गोष्ट तिथे नव्याने लागलेल्या प्रत्येकाला ऐकवली जाते. एका हॉटेलची तक्रार आली की नव्या गाद्या कुरकुरतात. इंजिनियर मंडळींनी गाद्या उसवून स्प्रिंगा पाहिल्या, काही सापडेना. शेवटी साहेब स्वतः गेले, बूट काढले, गादीवर आडवे झाले, बराच वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "गादी गप्प आहे. पलंगाखालची फरशी बोलतेय." फरशी पक्की बसवली, कुरकुर गेली. साहेब यावर भाषणं देतात आणि आमचा भाचा पहिल्या रांगेत बसून माना डोलावतो. प्रत्येक गोष्टीवर त्याच्याकडे तोडगा तयार असतो, म्हणून कारखान्यात त्याला 'तोडगे' म्हणतात.

तक्रार विभागाला प्रमुख नेमायचा होता आणि एका आजींची तक्रार काही केल्या मिटत नव्हती. गादी एका बाजूला खचली होती. कंपनी नवी द्यायला तयार, आजी घ्यायला तयार नाहीत. ही तक्रार जो मिटवील त्याला प्रमुखाची खुर्ची, असं साहेबांनी जाहीर केलं. तोडगे निघाला.

आजींच्या दारात त्याने बूट काढले, तर मोज्यातून अंगठा बाहेर. तो दुसऱ्या पायाखाली दडवत, लंगडत तो थेट पलंगाशी गेला.

"अहो, हे काय? चढताय कुठे?"

"समस्येच्या आत शिरतोय, आजी. आमच्या साहेबांची पद्धत आहे."

"साहेबसुद्धा परक्यांच्या घरी लोळतात? बरं, आधी मी काय सांगते ते—"

"शू! डोळे मिटल्याशिवाय सुचत नाही." आणि त्याने डोळे मिटले.

उघडले तेव्हा अंगावर शाल होती. उशाशी आजी, पायथ्याशी त्यांची लेक, दारात शेजारीण.

"आहेत हो, आहेत," शेजारीण म्हणाली. "मघाशी घोरणं थांबलं तेव्हा मी घाबरलेच."

तोडगेचे कान तापले. आता अब्रू वाचवायची तर काहीतरी सुचायलाच हवं होतं, आणि नेमकं सुचलं. तो उठून बसला.

"सापडलं! गादीत दोष नाही. तुम्ही रोज याच बाजूला झोपता, पलीकडची जेमतेम दबलीय. आजपासून पलीकडे झोपत जा. उपाय एकदम फुकट!"



"ती ह्यांची बाजू आहे," आजी म्हणाल्या.

"हात्तिच्या! मग त्यांना इकडे झोपवा."

लेक खिडकीशी जाऊन उगाच बाहेर बघू लागली. शेजारणीने भिंतीकडे पाहिलं, म्हणून तोडगेनेही पाहिलं. फोटोतले चष्मेवाले गृहस्थ त्याच्याचकडे बघत होते. त्यांच्या पलंगावर त्यांच्या बायकोची शाल पांघरून, अंगठा बाहेर काढून बसलेला हा कोण, असं विचारत असल्यासारखे. धरणीने पोटात घ्यावं असं त्याला वाटलं. पण धरणीपर्यंत पोचायला आधी पलंगावरून उतरावं लागणार होतं.

"गादी आणली त्याच वर्षी हे गेले," आजी म्हणाल्या. "तिकडे जरा दबलीय ना, ती त्यांची. माझी बाजू तेवढी वर करून द्या, तिकडे हात लावू नका, एवढंच मी दर वेळी फोनवर सांगते. तुमची माणसं म्हणतात, अख्खी नवी घ्या. मघाशी तुम्हाला सांगायला गेले, तर तुम्ही मलाच गप्प केलंत."

साहेबांच्या गोष्टीतलं आडवं होणं तोडगेने नेमकं उचललं होतं. ऐकणं तिथेच राहून गेलं होतं. त्यात त्याला ती खुर्ची आठवली आणि आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"इकडची शिवण उसवून भर घालता येईल," तो पुटपुटला. "कारागिराला मी घेऊन येतो. तिकडचा टाकासुद्धा हलणार नाही."

शालीची घडी करायला गेला, तीही जमेना. लेकीने ती त्याच्या हातातून काढून घेतली.

बूट घालताना त्याने मान वर केली नाही. "आजी, चुकलो. आणखी काही सांगायचं असेल तर सांगा. आता ऐकतो."

आजी आत गेल्या आणि एक बरणी घेऊन आल्या.

"एवढा वेळ झोपलात, हाताला जोर आला असेल. हिचं झाकण तेवढं उघडून द्या."