न उसवणारी शिवण

सकाळी वरच्या मजल्यावरच्या काकू नवा कोट घेऊन परत आल्या आणि कॉलरच्या शिवणीत अडकलेला एक लांब केस त्यांनी दोन बोटांनी ओढून दाखवला.

"काय गं, कोट शिवलास की वेणी घातलीस?"

शिंपीण हसली, गिऱ्हाइकापुढे हसावंच लागतं. पण तो केस तिचा नव्हता.

तिची शिवण गल्लीत नावाजलेली. कापड फाटेल पण टाका उसवणार नाही, असं लोक म्हणत आणि तिला ते ऐकायला आवडे. राहत्या घराच्या पुढच्या खोलीत मशीन होतं, मशीनशेजारी इस्त्रीचं टेबल. त्या टेबलाखाली बसून तिची अकरा वर्षांची मुलगी, बिट्टी, गृहपाठ करायची. उजव्या हातात पेन्सिल, डावा हात डोक्यात. बोटं चाचपडत एक केस निवडत, त्याला वेढा घालत आणि टुक. टाळूवर वाटीएवढा चट्टा पडला होता.

"मी मुद्दाम नाही गं करत, आई," बिट्टी म्हणायची. "हात आपोआप जातो. उपटला की क्षणभर बरं वाटतं, मग लाज वाटते."

पोरीने रोग इतका नेमका सांगितला होता. ऐकतो कोण? या घराला एकच औषध ठाऊक होतं. "मार खाल्ल्याशिवाय वळण लागत नाही," असं बिट्टीचे वडील म्हणत. ते मालाची गाडी चालवत. त्यांच्या कोपरावर त्यांच्या वडिलांनी दिलेला चटका होता आणि तो ते पदक दाखवावं तसा दाखवत.

दुपारी जेवताना कोटाची गोष्ट निघाली. ताट बाजूला सारून ते उठले.

"उपटायचेच आहेत ना तुला? ये, मी उपटून देतो!"

त्यांनी पोरीच्या केसांत मूठ घातली आणि तिला फरफटत भिंतीपर्यंत नेलं. डोकं एकदा आपटलं, दुसऱ्यांदा आपटलं. मुठीत केसांचा पुंजका आला, त्याच्या मुळांशी रक्त होतं. बिट्टी किंचाळली नाही. तिला सवय झाली होती, आणि हेच सगळ्यात वाईट होतं.

"अहो, सोडा तिला! मी बघते काय करायचं ते," शिंपीण ओरडली.

आणि तिने बघितलं. बापाच्या हातून मरण्यापेक्षा हात झाकलेले बरे, असा तिने विचार केला. आईची माया होती ती, पण माया आंधळी झाली की तीही मारतेच. तिने पोरीच्या हातांच्या मापाच्या पिशव्यांचे दोन जोड शिवले, एक घालायला, एक बदलायला; वरून गुळगुळीत साटीन, म्हणजे केस पकडायला गेलं की बोटं निसटतील. आधी नाड्या लावल्या. त्या बिट्टीने दातांनी तासाभरात सोडल्या. मग काज करायच्या जाड दोऱ्याने, दुहेरी टाके घालून, पिशव्यांची तोंडं मनगटाभोवतीच शिवून टाकली. जेवण आई भरवी.

काकूंनी पाहिलं आणि कौतुक केलं. "डोकं आहे हो तुला! आमच्या नातीसाठी पण दोन शीव. अंगठा चोखते मेली."

तिसऱ्या दिवशी शिंपीण कपडे पोचवायला शेजारच्या गल्लीत गेली. "दहा मिनिटांत येते," म्हणाली आणि दार ओढून घेतलं. दाराला आपोआप लागणारं कुलूप होतं. आतून गोल मूठ फिरवली की उघडायचं. इस्त्री मात्र तशीच चालू राहिली, अस्तरांच्या ढिगावर.

ती परतली तेव्हा दाराखालून धूर येत होता आणि आतून काहीतरी मऊ, बोथट दारावर आपटत होतं.

"आई, मूठ फिरत नाही! हात घसरतायत!"

शिंपिणीने कुलपात किल्ली घातली. दार उघडलं तेव्हा बिट्टी उंबऱ्यावरच कोसळली. इस्त्रीचा प्लग काढता येईना, म्हणून तिने जळतं कापड दोन्ही हातांनी ढकललं होतं. साटीन वितळून कातडीला चिकटलं होतं. कात्री धुरात, टेबलावर. शिंपिणीने मनगटाशी तोंड नेलं आणि आपलेच टाके दातांनी तोडायला लागली. टाके तुटेनात. ती रडत होती, चावत होती, आणि पोरगी ओरडत होती. शेजाऱ्यांनी आग विझवली, पण तिची शिवण शेवटपर्यंत उसवली नाही. ती दवाखान्यात कापावी लागली.

डॉक्टरीणबाईंनी हात पाहिले, मग टाळू पाहिली. सगळं ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, "बाई, ही खोड नाही, आजार आहे. यावर उपचार असतात. मनाच्या डॉक्टरांकडे पाठवते. वर्षभर हिने तुम्हाला सांगितलं, तेव्हाच आणायचं होतं."

बाहेर वऱ्हांड्यात नवऱ्याने शिंपिणीवर हात उगारला. "इस्त्री चालू ठेवून गेलीस, भवाने?"

तिने ते मनगट हवेतच धरलं. रोज कात्री चालवणारा तिचा हात, पकड सुटली नाही.

"इस्त्री माझी चूक. पिशव्याही माझीच चूक, जन्मभर भोगेन. पण पिशव्या मी तुमच्या भीतीने शिवल्या. आता हात खाली घ्या. पुन्हा पोरीवर उठला तर मी तिला घेऊन जाईन आणि का गेले ते गल्लीभर सांगेन."

वऱ्हांड्यातली माणसं बघत होती. हात खाली आला.

चार महिन्यांनी काकू पुन्हा आल्या. "अगं, त्या पिशव्या राहिल्याच की. नात काही ऐकत नाही बघ."

शिंपिणीने मशीन थांबवलं. "बिट्टी, काकूंना हात दाखव."

बिट्टी टेबलाखालून बाहेर आली. हातांची कातडी गुलाबी, सुरकुतलेली, उजव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी. टाळूवर बोटभर केस उगवले होते, कडेला एक ताजा चट्टाही होता. बरं व्हायला वेळ लागतो. हात डोक्याकडे जाऊ लागला की त्याला दुसरं काम द्यायचं, असं तिला डॉक्टरांनी शिकवलं होतं. काकूंनी मान फिरवली. बिट्टी परत खाली जाऊन बसली. तिच्या मांडीवर धुवून बदलायला म्हणून शिवलेला पिशव्यांचा दुसरा जोड होता, आणि ती वाकड्या बोटांनी त्याचा एकेक टाका ओढून काढत होती.

"काय करतेय ती?" काकूंनी हळूच विचारलं.

"माझी शिवण उसवतेय," शिंपीण म्हणाली. "फार घट्ट घातली होती मी."