मापाचे कोट

आमच्या ह्यांना वाईट काम करताच येत नाही. लोक हे कौतुकाने म्हणतात, मी वैतागाने. फाटक्या गोणीला ठिगळ लावायला दिलं तरी हे आधी रंग जुळवत बसणार. गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि मी वाढलेलं ताट झाकून बसते.

त्या वर्षी इंग्रजांविरुद्ध जागोजागी हत्यारं उचलली गेली होती. कुठे तारा तोडल्या, कुठे चौकी पेटवली, रोज नवीन काहीतरी कानावर यायचं. आमच्या गावात या कामात तिघं होते. शाळेचे मास्तर, पोट सुटलेले आणि बोलायला गोड. दुसरे माझे धाकटे दीर. सासू-सासरे लवकर गेल्यामुळे ह्यांनीच त्यांना अंगाखांद्यावर वाढवलं होतं. आणि तिसरा काडी. काडी म्हणजे आमच्या दुकानात काज-बटणं करायला येणाऱ्या काकूंचा एकुलता एक मुलगा. गोदामात पोती तोलायचा, आणि स्वतः तागडीत बसला असता तर तागडी हललीही नसती, असा.

बेत सरळ होता. पोलिसांच्या वेशात हत्यारांच्या कोठीवर जायचं, दुपारी पहारा बदलतो त्या गडबडीत आत शिरायचं, आणि बंदुका काढून रानात लपलेल्या माणसांकडे पोचवायच्या. वेश अर्थातच आमच्याकडे शिवायचे. दुकानाचं दार ओढून घेऊन ह्यांनी तिघांची मापं घेतली. मास्तरांच्या पोटाला जागा दिली. काडीचा कोट इतका निमुळता कापला की तो मलाच रुबाबदार वाटायला लागला. भाऊजी डावखुरे, म्हणून त्यांच्या कोटाला डाव्या काखेत जास्तीचं कापड सोडलं. "बंदूक उचलताना ओढ बसायला नको," हे म्हणाले. काकूंनी काजं केली, मी बटणं लावली, आणि बेताच्या आदल्या दिवशी तिघं ते कपडे गाठोड्यात बांधून घेऊन गेले. गावाबाहेरच्या बंद पडलेल्या वीटभट्टीत ते थांबणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात एक खरा पोलीस आला. कॉलरचा हूक तुटला होता. माझं तर धाबंच दणाणलं, पण हे शांतपणे दोरा ओवायला लागले. मी उगाच कापड झटकत उभी राहिले आणि त्याच्याकडे बघत राहिले. बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. खांद्याची शिवण दंडावर उतरलेली. आणि पोटावरचं बटण असं ताणलेलं की आता तुटतं की मग.

"हवालदारसाहेब, हा कोट तुमचाच का?" मी विचारलं.

"सरकारचा, बाई," तो हसला. "मिळेल तो अंगात घालायचा. माप सरकारला कुठलं ठाऊक?"

सगळ्या पोलीसखात्यात एकाला म्हणून कपडे नीट बसत नव्हते, आणि आमचे तिघं तेवढे नवरदेवासारखे नटून कोठीच्या दारात उभे राहणार होते! पहाऱ्यावरच्या माणसाला दुसरं काही बघायची गरजच नव्हती. हे मात्र हूक टाचत होते. ह्यांना काही दिसलं नाही. नाही म्हणायला त्या बाहीकडे बघून एकदा चक् केलं, तेवढंच.

सुया आणते म्हणून मी निघाले. वीटभट्टीपर्यंत पळता येत नव्हतं, कोणी बघितलं असतं. सावकाश चालवतही नव्हतं. तिथे पोचले तेव्हा तिघं कपडे चढवून तयार होते, आणि देवाशपथ सांगते, इतके देखणे पोलीस मी जन्मात पाहिले नव्हते.

"काढा ते कोट," मी म्हणाले.

मास्तरांनी ऐकून घेतलं, स्वतःकडे बघितलं, मग बाकीच्या दोघांकडे. "वहिनी बरोबर बोलतायत," ते म्हणाले. "पण आता दुसरे कोट आणायचे कुठून?"

"आणायचे कशाला? अदलाबदल करा."

मास्तरांचा कोट भाऊजींना घातला, तो पोटावर लोंबायला लागला. काडीचा कोट मास्तरांना. त्याची बटणं लागेनात, दोन तशीच उघडी ठेवली, आणि मास्तर एकदम हुबेहूब फौजदार दिसायला लागले. भाऊजींचा कोट काडीला. खांदे उतरले, बाह्यांत हात गडप.

"कोट फिरायला निघालाय, आत कोणी दिसत नाही," भाऊजी म्हणाले, आणि चौघंही हसलो. काडीची कॉलर मी माझ्या हाताने बसवली. "वहिनी, गुदगुल्या होतात," म्हणत तो मान आखडून घेत होता.

निघताना भाऊजींनी मला बाजूला घेतलं. "दादाला सांगू नकोस, वहिनी. त्याच्या कामामुळे घात झाला असता हे त्याच्या फार जिवाला लागेल."

मला पटलं. मी सांगितलं नाही.

दुपारी गोळ्यांचा आवाज आला. पुढे कळलं की ते आत शिरले, बंदुका बाहेर काढल्या, आणि अगदी शेवटी फाटकावर गोळीबार झाला. बंदुका रानात पोचल्या. कोणाला तरी लागली होती. कोणाला, ते कोणी सांगेना.

त्यानंतरचे दिवस कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. हे मशीनवर बसायचे आणि दोरा न ओवताच पाय मारत राहायचे. काकू केलेलं काज उसवून पुन्हा करायच्या. मी दारात जायची, आत यायची, पुन्हा दारात. कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं, आणि बोललं की भांडण व्हायचं.

मग वीटभट्टीत कोट सापडले, आणि गावातल्या सगळ्या शिंप्यांना चौकीवर बोलावणं आलं. मला कोणी बोलावलं नव्हतं. मी ह्यांच्या मागोमाग गेले. काकू दुकान सांभाळायला थांबल्या.

टेबलावर तिन्ही कोट पसरले होते. दोन धड. तिसऱ्याला छातीवर भोकं पडलेली आणि खालचं कापड रक्ताने कडक झालेलं.

"हा घातलेला माणूस जगलेला नाही," फौजदार म्हणाला. "प्रेत तेवढं बाकीच्यांनी लांबवलं. बोल, कोणाच्या हातचं काम आहे?"

ह्यांनी तो कोट उचलला, उलटा केला, आणि डाव्या काखेत हात घातला. तिथे बोटं थांबली. मी ह्यांच्या तोंडाकडे बघू शकले नाही.

"छे!" हे म्हणाले. "हे काय काम झालं? ही काख बघा साहेब, नुसतं कापड वाया घालवलंय. कोणी शिकाऊ माणूस असणार. असलं काम माझ्या दुकानातून बाहेर पडलं तर मी हात तोडून घेईन."

फौजदार हसला आणि त्याने आम्हाला जायला सांगितलं.

मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगते. मला आनंद झाला. भाऊजी जिवंत आहेत, हे माझ्याखेरीज त्या खोलीत कोणालाच माहीत नव्हतं. मला ओरडून सांगावंसं वाटलं. आणि मग ती कॉलर आठवली, काडीची आखडलेली मान आठवली.

वाटेत बोलता आलं नाही. चौकीतला एक शिपाई आमच्या कोपऱ्यापर्यंत मागे होता. हे पुढे भराभर चालत होते, मला मागे टाकून. घरी पोचल्याबरोबर सांगायचं, असं मी ठरवत होते. पण घरी काकू होत्या.

त्या दारातच उभ्या होत्या. "बघितलेस का रे कोट?" त्यांनी विचारलं.

"बघितले, काकू." ह्यांनी आत येऊन त्यांना हाताला धरून खाली बसवलं. "तुमच्या पोराचा कोट मी हातात घेऊन बघितला. साधा ओरखडाही नाही त्याला. तो सुखरूप आहे." आणि मग हे त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. "माझा गेला, काकू. मी वाढवलेला गेला."

काकूंनी ह्यांचं डोकं मांडीवर ओढून घेतलं. "माझा नव्हता का रे तो?" म्हणत त्या रडायला लागल्या. खोटं रडत नव्हत्या. पण त्यांच्या चेहऱ्यावर सुटकाही होती, आणि ती लपवायची त्यांची धडपड चालली होती. मला ती लगेच ओळखू आली. चौकीत मी तेच करत होते.

गप्प बसता आलं असतं. पण हे जिवंत भावासाठी रडत राहिले असते, आणि ही बाई गेलेल्या पोराची वाट बघत दारात उभी राहिली असती. मी दार लावून घेतलं.

"अहो, भाऊजींचा कोट भाऊजींच्या अंगात नव्हता," मी म्हणाले. "कोट बदलले होते. मीच बदलले. तुम्ही मापाचे शिवलेत, पोलिसांचे कधी मापाचे नसतात. ओळखू आले असते."

ह्यांनी मान वर केली. सगळा चेहरा उजळला होता. "मग तो कोणाच्या..." काकूंचा हात अजून ह्यांच्या डोक्यावरच होता.

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, शिव्या देतील. द्याव्यात असं वाटत होतं.

"सैल झाला असेल ना त्याला?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले.

"जन्मभर त्याला लोकांचे उतरलेले कपडे घातले मी. सगळं सैलच असायचं. पहिल्यांदा त्याच्या मापाचं काही शिवलं होतं, पोरी. ते तेवढं तरी त्याच्या अंगावर ठेवायचंस."