थोरलीच्या मापाचा उजेड

“दात दाखव गं पोरी, म्हणजे कळेल तरी तू कुठे उभी आहेस!”

आत्याचा तो आवाज थोरलीच्या कानात तीस वर्षं कुसळासारखा रुतून बसला होता. तेव्हा ती सहा वर्षांची. बाबांच्या फोटो स्टुडिओत सगळं घर ओळीने उभं, दुधात धुतल्यासारखं गोरं. आणि कडेला ती, दूरदेशाहून दत्तक आणलेली, काळीभोर. सगळे हसले. तीही हसली. फोटोत तिचे तेवढे दातच आले.

वर्षामागून वर्षं तेच. धाकट्यांच्या गालावरची खळीसुद्धा उमटायची, थोरलीच्या जागी नुसता अंधार. बाबा तिला जवळ घेऊन म्हणायचे, “कॅमेऱ्याला तुझा रंग पकडता येत नाही गं, राणी. यंत्रच ते!” पोटची नव्हती, पदरात घेतलेली होती, बापाचा शब्द तिने झेलला आणि जपला.

पुढे ती दुसऱ्या एका फोटोग्राफरकडे काम शिकायला गेली. पहिल्याच आठवड्यात कळलं, की ज्याच्या चेहऱ्यावर उजेड मोजावा, त्याचा चेहरा नीट येतो. बाबांनी जन्मभर उजेड मोजायचा मीटर गोऱ्या गालांशीच धरला होता. थोरलीने घरी ब्र काढला नाही. राग आतल्या आत मुरू दिला.

आत्याची पंचाहत्तरी आली, तेव्हा स्टुडिओ थोरलीच चालवत होती.

“फोटो तूच काढ,” आत्या म्हणाली, “पण उगाच मध्ये घुसू नकोस हं. कडेलाच शोभतेस तू.”

“बरं,” म्हणत थोरलीने मीटर स्वतःच्या गालाशी धरला, टायमर लावला आणि सरळ मधल्या खुर्चीत जाऊन बसली.

चौथ्या दिवशी दुकानाच्या काचेत दाराएवढा फोटो लागला. मधोमध थोरली: पापणीन् पापणी, कपाळावरचा बारीक व्रण, गालाच्या हाडावरची तेजदार चकाकी. आणि भोवती सोललेल्या अंड्यांची रांग. नाक नाही, डोळे नाहीत. येणारेजाणारे थांबून पोट धरून हसत होते.

आत्या तरातरा आली, मागोमाग काठी टेकत बाबा.

“भवाने, माझं तोंड कुठंय?”

“काय करणार, आत्या? कॅमेऱ्याला तुझा रंग पकडता येत नाही.” बोलली आत्याशी, पण डोळे बाबांवर रोखलेले.

“उतरव तो आधी!”

“उतरवते. बाबांनी खरं सांगितलं की लगेच.”

“अरे, सांग की तुझ्या लाडकीला काहीतरी!” आत्याने भावाला ढोसलं.

बाबा काचेतल्या त्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. किती सुंदर आला होता.

“एक दिवा,” ते म्हणाले. “तुझ्या बाजूला एक जास्तीचा दिवा ठेवला असता, तर सगळेच नीट आले असते. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.”

“मग?”

“तुझ्या आत्याने अडवलं, असं म्हणायला सोपं आहे. पण तिने नाही अडवलं गं. फोटो याच काचेत लागायचा. लोक विचारतील, ही कोण... मला लाज वाटायची, पोरी. मलाच.”