रिबिनीपलीकडचं हरीण

खोटं बोललात तुम्ही. फोमच्या हरणाच्या छातीत चाळीस यार्डांवरून बाण रुतला की चाळीस यार्ड तुमचे झाले, असं शिकारीच्या वर्गात फळ्यापुढे उभं राहून सांगितलंत आणि लॉर्नाला पास करून मोकळे झालात. फोमच्या हरणाला कान असतात का हो?

तिचा नवरा मर्ल वेगळं सांगायचा. उत्तर विस्कॉन्सिनच्या दलदलीकाठी त्याने मचाणाभोवतीच्या बर्चच्या झाडांना नारिंगी रिबिनी बांधल्या होत्या, वीस यार्डांवर. "रिबिनीच्या अलीकडचं आपलं, पलीकडचं देवाचं." एवढाच त्याचा कायदा. वसंतात मर्ल गेला. रिबिनी राहिल्या.

नोव्हेंबरात लॉर्ना पहिल्यांदाच एकटी मचाणावर चढली. घरात मांस हवं होतं, पण खरी भूक ती नव्हती. हरीण पडलं की माणसं येतात. ओढायला दीर, सोलायला शेजारी. शेडमध्ये कॉफी उकळते, कुणीतरी जुनीच थाप नव्याने मारतो. मर्लला पुरल्यापासून त्या शेडचं दार कुणी ढकललं नव्हतं.

सकाळी शिंगांचा एक नर आला आणि रिबिनीच्या पलीकडेच थबकला. अंतर मोजायच्या दुर्बिणीत आकडा उमटला, चाळीस. उन्हाळाभर अंगणात याच अंतरावर तिचा बाण चुकला नव्हता. जरा थांबली असती तर तो अलीकडे आलाही असता. पण तिच्या कानांत शेडमधली बडबड सुरू झाली होती.

तिने धनुष्याची दोरी सोडली. आवाज बाणाच्या आधी पोचला. उडी घ्यायला नर खाली दबला, आणि छाती होती तिथे पाठ आली.

जखमी जनावराच्या लगेच मागे लागू नये, म्हणून ती हात काखेत धरून बसून राहिली. मग उतरून रक्तामागे गेली. आधी थेंब, मग पुसट डाग, मग दलदलीचं काळं पाणी. तिने दिराला, ड्वेनला, फोन लावला.

"चाळीसवरून?" ड्वेन आल्या आल्या म्हणाला. "बाई गं, मर्लने तुला मचाणासकट खाली पाडलं असतं."

"तो असता तर मी मारलंच नसतं."

ड्वेनने एक काठी उचलली. दोघं कंबरभर गवतात वाकून शोधत राहिले. दुपार कलली, तरी चार केसांपलीकडे काही हाती लागलं नाही.

"सोड आता. पाठीतला बाण सोसतात काही काही. तुझा एका हरणाच्या परवान्याचा टॅग कोराच आहे, कायद्याने उद्या दुसरं मारू शकतेस."

"मर्ल काय करायचा?"

"तू मर्ल नाहीस."

"काय करायचा, ड्वेन?"

तो काठीने बुटाचा चिखल खरवडत राहिला. "हरवलेलं हरीण आपलंच मोजायचा. टॅग फाडायचा आणि हंगामभर घरी बसायचा. येडा होता."

लॉर्नाने खिशातून टॅग काढला आणि फाडला.

"उद्या येशील कॉफीला?"

"उद्या? उद्या मी माझ्या मचाणावर. हंगाम आहे ना." तो गाडीत बसला. "हरीण मिळालं असतं तर आलोच असतो गं."

तिने शेड उघडली. हरणं टांगायचा आकडा रिकामा होता. त्यालाच तिने धनुष्य अडकवलं आणि दार ओढून घेतलं. दलदलीत कुठेतरी तिचा बाण पाठीत घेऊन ते जनावर उभं आहे की पडलंय, कुणालाच माहीत नाही.

दोरीचा आवाज बाणाआधी पोचतो, हे तुम्हाला ठाऊक होतं की नव्हतं? ठाऊक होतं, तर फळ्यावर का नाही लिहिलंत? बोला.